किडींचा बंदोबस्त आणि विषाचा हिशेब

मंडईंत वांगीं निवडतांना भोंक पडलेलें वांगें गृहिणी बाजूला सारते, आणि तिचें त्यांत कांहीं चुकतें असें कोणी म्हणणार नाहीं. पण त्या एका भोंकाच्या भीतीनें शेतकरी त्याच पिकावर पुनःपुन्हां औषध मारतो, हें तिला दिसत नाहीं. ‘औषध’ हा शब्दहि मोठा मासलेवाईक आहे. जी वस्तु पोटांत गेली तर माणूस दगावतो, तिला खेड्यापाड्यांतून औषध म्हणतात. आणि औषध म्हटलें कीं तें जितकें अधिक तितका गुण अधिक, असा समज सहजच होतो. हा समज केवळ अडाणी माणसांचाच होता असें मात्र नाहीं. एके काळीं मोठमोठे शास्त्रज्ञहि तसेंच मानीत होते. तो समज कसा खोटा ठरला आणि विद्यापीठांतील संशोधकांनीं त्याच्या जागीं कोणता विचार आणला, ही हकीकत श्रोत्यांनीं ऐकण्यासारखी आहे.

डी. डी. टी. या द्रव्याचा कीटकनाशक गुण स्वित्झर्लंडमधील पॉल म्यूलर यांनीं १९३९ सालीं शोधून काढला व त्याबद्दल त्यांना १९४८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. दुसऱ्या महायुद्धांत या भुकटीनें उवा आणि डांस मारून लक्षावधि माणसांस रोगांपासून वांचविलें. तें यश खरें होतें. युद्ध संपतांच तीच भुकटी शेतांत उतरली. आतां किडींचा प्रश्न कायमचा मिटला, असें पुष्कळांना वाटूं लागलें. धोक्याची सूचना मात्र त्याहून जुनी होती. अमेरिकेंतील मेलँडर नांवाच्या कीटकशास्त्रज्ञानें १९१४ मध्येंच असा प्रश्न विचारला होता कीं, किडी फवारणीस सरावतात कीं काय? फळबागांतील खवलेकीड गंधक-चुन्याच्या फवाऱ्यानें पूर्वींसारखी मरेना, असें त्याला आढळलें होतें. ‘सरावणें’ हा शब्द येथें थोडा फसवा आहे. एखादी कीड विष पचवावयास शिकते असें होत नाहीं. लाखों किडींत दोनचार जन्मतःच चिवट असतात. विषानें बाकीच्या सर्व मरतात आणि या दोनचारांनाच शेत मोकळें मिळतें. पुढची पिढी त्यांचीच. म्हणजे फवारणारा स्वतःच्या हातानें, स्वतःच्या खर्चानें, चिवट किडींची निवड पैदास करीत असतो.

हें तत्त्व किती महाग पडूं शकतें तें पाहावयाचें असेल तर पेरू देशांत गेलें पाहिजे. तेथें लिमा शहराच्या दक्षिणेस कान्येते नांवाचें एक नदीखोरें आहे. भोंवतीं वाळवंट, मध्यें हिरवी पट्टी, आणि त्या पट्टींत कापूस. इतर शेतांपासून असा तुटलेला प्रदेश म्हणजे निसर्गानेंच मांडून ठेवलेली प्रयोगशाळा होय. तेथील बागाईतदार कांहीं मागासलेले नव्हते. १९४९ पासून त्यांनीं डी. डी. टी., बी. एच. सी. आणि टॉक्साफीन हीं नवीं विषें वापरण्यास आरंभ केला, आणि १९५० सालीं हेक्टरीं ४९४ किलो असलेलें कापसाचें उत्पन्न १९५४ सालीं ७२८ किलोंवर गेलें. विमानांतून फवारणी होऊं लागली. विमानांना अडथळा नको म्हणून शेतांतील झाडें तोडण्यांत आलीं. झाडांबरोबर पांखरेंहि गेलीं. त्या चार वर्षांत कोणी सावधगिरीचा शब्द काढला असता तर त्याची थट्टाच झाली असती.

परंतु १९५२ मध्येंच बी. एच. सी. माव्यावर चालेनासें झालें होतें. १९५४ मध्यें पानें खाणाऱ्या अळीपुढें टॉक्साफीन हरलें. दोन फवारण्यांमधील आठ-पंधरा दिवसांचें अंतर तीन दिवसांवर आलें. ज्यांना पूर्वीं कोणी कीड म्हणून मोजीतहि नव्हतें असे किडे कापसावर तुटून पडले. आणि नवलाची गोष्ट अशी कीं, शेजारच्या ज्या खोऱ्यांत हीं विषें पोंचलीं नव्हतीं तेथें तेच किडे होते, पण उपद्रव देत नव्हते. १९५६ सालीं कान्येतेचें उत्पन्न हेक्टरीं ३३२ किलोंवर घसरलें, म्हणजे विषांच्या आरंभीं होतें त्याहूनहि खालीं. खर्च मात्र वाढलेला होता.

असें कां झालें? कापसाच्या झाडावर केवळ कापूस खाणारे किडे नसतात. त्या किडींना खाणारे किडेहि असतात. ढालकिडा मावा खातो, क्रायसोपाची अळी मावा व अंडीं खाते, आणि गांधीलमाशीच्या जातींतील, डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या कित्येक माशा अळ्यांच्या किंवा अंड्यांच्या पोटांत आपलीं अंडीं घालून त्यांस आंतून पोखरतात. शेतकऱ्यांच्या भाषेंत हे मित्रकीटक होत. फवाऱ्यास शत्रु-मित्र समजत नाहीं. शिवाय मित्र संख्येनें थोडे आणि शिकारीसाठीं पानोपानीं हिंडणारे, म्हणून विष त्यांनाच आधीं लागतें. वांचलेल्या माव्याला चार दिवसांत पुन्हां पिढी उभी करतां येते. ढालकिड्याला तितक्या लवकर येत नाहीं. फवारणीनंतर कीड दुप्पट जोरानें उसळते ती यामुळें.

कान्येतेच्या बागाईतदारांनीं शेवटीं तेथील कृषि-प्रयोगकेंद्राकडे धांव घेतली आणि त्यांनीं जे नियम केले ते वाचण्याजोगे आहेत. नव्या विषांवर बंदी आली. पूर्वींचीं सौम्य द्रव्येंच, तींहि जरूर पडेल तेव्हां. शेजारच्या खोऱ्यांतून मित्रकीटक आणून सोडले. पेरणी सर्वांनीं ठराविक मुदतींत करावयाची. आणि एकदां कापूस वेंचल्यावर त्याच झाडांचा दुसरा बहर धरावयाचा नाहीं. जुनीं झाडें उपटून टाकावयाचीं. विदर्भांत या दुसऱ्या बहरालाच ‘फरदड’ म्हणतात. हा शब्द पुढें पुन्हां येणार आहे. थोड्याच वर्षांत कान्येतेचें उत्पन्न पूर्ववत् झालें आणि पुढें त्याहूनहि वाढलें.

इकडे अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले व रिव्हरसाइड येथील कीटकशास्त्रज्ञांपुढें तसाच प्रश्न लसूणघासाच्या शेतांत उभा राहिला. १९५४ सालीं एक परदेशी मावा तेथें आला व पाहतां पाहतां राज्यभर पसरला. पॅराथिऑन व मॅलॅथिऑन फवारून मावा कांहीं काळ मेला, मित्रकीटकहि मेले, आणि दोन वर्षांतच माव्याची चिवट जात तयार झाली. तेव्हां संशोधकांनीं चार बाजूंनीं काम चालविलें. मध्यपूर्वेंतून माव्यावर जगणाऱ्या परोपजीवी माशा आणून सोडल्या. मावा ज्यावर तग धरीत नाहीं असे लसूणघासाचे वाण लावले. फवारणी करावीच लागली तर असें औषध अल्प प्रमाणांत वापरलें कीं तें पानांतील रसांत उतरून मावा मारील, पण पानावर फिरणाऱ्या ढालकिड्याला राखील. आणि शेतांत जाऊन दर काडीवर मावा किती, ढालकिडे किती, हें मोजण्याची पद्धति घातली.

या अनुभवाचें शास्त्र व्हर्नन स्टर्न, रे स्मिथ, रॉबर्ट व्हॅन डेन बॉश आणि केनेथ हेगन या चौघांनीं १९५९ सालीं विद्यापीठाच्या ‘हिल्गार्डिया’ या नियतकालिकांत मांडलें. त्यांतील मुख्य कल्पना इतकी साधी आहे कीं ती आधीं कोणास कशी सुचली नाहीं याचें आश्चर्य वाटतें. शेतांत कीड दिसली म्हणजे नुकसान झालें असें नव्हे. कांहीं कीड पीक सहज सोसतें. जेव्हां किडीनें होणारें नुकसान तिच्या बंदोबस्ताच्या खर्चाइतकें होतें, ती पहिली रेषा. तिला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. पण उपाय त्या रेषेपर्यंत थांबून करावयाचा नाहीं. तिच्या थोडी खालीं दुसरी रेषा धरावयाची व कीड तेथें पोंचली कीं हात चालवावयाचा. चुलीवरचें दूध उतूं गेल्यावर कोणी भांडें उतरवीत नाहीं, आणि दूध नुसतें कोमट झाल्याबरोबरहि उतरवीत नाहीं. सायीखालून तें वर चढूं लागलें कीं उतरतात. स्वयंपाकघरांत हा विवेक रोजचा आहे. शेतांत तो आणावयास विद्यापीठाचा प्रबंध लागला. रसायन, मित्रकीटक, वाण, मशागत हीं सर्व एकमेकांस न मारतां वापरावयाचीं, म्हणून या पद्धतीस एकात्मिक कीड व्यवस्थापन असें नांव पडलें. नांव जड आहे. पण त्यांत विषाला बंदी नाहीं, हें लक्षांत ठेवलें पाहिजे. विषाला शेवटची पाळी आहे, इतकेंच.

स्टर्न यांचा आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. लसूणघासांत राहणारा लायगस नांवाचा एक ढेकूण शेजारच्या कापसाच्या कळ्या नासतो. त्याला घास अधिक आवडतो. पण शेतकरी सगळा घास एका दिवशीं कापतो, आणि बेघर झालेले ढेकूण कापसांत शिरतात. स्टर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घास एकाआड एक पट्टे ठेवून कापावयास सांगितलें. कापलेल्या पट्ट्यांतील ढेकूण उभ्या पट्ट्यांत गेले आणि कापूस बचावला. एक थेंब औषध लागलें नाहीं. यंत्राची पाळी दोनदां करावी लागते म्हणून कित्येक शेतकऱ्यांना ही युक्ति मानवली नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

१९७२ सालीं बर्कले येथील कार्ल हफेकर यांच्या नेतृत्वाखालीं अमेरिकेंतील दीड डझनाच्या सुमारास विद्यापीठांनीं मिळून एक मोठी योजना हातीं घेतली. कापूस, लसूणघास, सोयाबीन, लिंबूवर्गीय फळें, सफरचंद-पीचसारखीं फळें, आणि सहावा विषय पाइनचें अरण्य. शेतांच्या पंक्तीस अरण्य बसविलें ही गोष्ट महत्त्वाची होती, कारण अरण्यांत फवारणीचा विचारच बहुधा फोल ठरतो. झाडें शंभर-दीडशें फूट उंच, मैलोगणती पसरलेलीं. आणि शत्रु सालीच्या आंत.

हा शत्रु म्हणजे साल पोखरणारा भुंगेरा. गव्हाच्या दाण्याएवढा हा किडा उंच पाइनला कसा मारतो, तें ऐकण्यासारखें आहे. निरोगी पाइनच्या सालींत भोंक पडलें कीं झाड तेथें राळ सोडतें आणि किडा तींत बुडून मरतो. एकट्यादुकट्याचें कांहीं चालत नाहीं. पण पहिली मादी सालींत शिरली कीं ती एक गंध सोडते, आणि त्या गंधानें शेंकडों, हजारों भुंगेरे त्याच झाडावर लोटतात. राळेचा सांठा संपतो, भुंगेऱ्यांबरोबर आलेली बुरशी आंत पसरते, झाड संपतें. हा गंध कोणत्या द्रव्यांचा, तें संशोधकांनीं १९६० नंतरच्या दशकांत वेगळें करून दाखविलें, व तो कृत्रिम रीतीनें बनवून बर्कलेच्या मंडळींनीं अरण्यांत सापळे लावून पाहिले. भुंगेरे सांपडले, पण खरा धडा निराळाच निघाला. कोणतीं झाडें मरतात याचा शोध घेतां असें दिसलें कीं, दाटीनें वाढलेलीं, पाण्यास मुकलेलीं झाडें आधीं जातात. लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडील डोंगरांत तर मोटारींच्या धुरानें बाधलेले पाइन भुंगेऱ्यांनीं निवडून मारले होते. तेव्हां उपाय भुंगेऱ्यावर नव्हे, अरण्यावर करावयाचा. विरळणी करून उरलेल्या झाडांस पाणी आणि उजेड मिळूं द्यावयाचा. २०१२ ते २०१६ या अवर्षणाच्या काळांत कॅलिफोर्नियांत दहा कोटींहून अधिक झाडें मेलीं, तेव्हां हें म्हणणें मोठ्या दुःखद रीतीनें खरें ठरलें.

सागाच्या बाबतींत केरळच्या अरण्य संशोधन संस्थेनें असेंच मूलगामी काम केलें आहे. निलंबूरच्या लागवडींत पावसाच्या तोंडावर सागाला कोंवळीं पानें फुटतात न फुटतात तोंच पतंगांचे थवे उतरतात, आणि त्यांच्या अळ्या आठवड्या-दोन आठवड्यांत रान उघडें करतात. झाड मरत नाहीं; पुन्हां पालवतें. म्हणून पुष्कळ वर्षें या अळीकडे कोणी गंभीरपणें पाहिलें नव्हतें. अळीपासून राखलेलीं व न राखलेलीं झाडें शेजारीं ठेवून मोजमाप केलें, तेव्हां १९८५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार कोंवळ्या लागवडींत वाढीच्या शेंकडा ४४ इतका भाग अळी गिळते असें ठरलें. येथें प्रश्न उलटा होता. नुकसान दिसत नव्हतें पण होत होतें. उपाय सांपडला तोहि रानांतलाच. या अळ्यांना एक विषाणूजन्य रोग होतो. मेलेल्या अळ्यांतून तो विषाणू काढून, पाण्यांत मिसळून फवारला असतां इतर प्राण्यांस न बाधतां अळ्यांत सांथ पसरते.

महाराष्ट्राचा अनुभव दोन्हीं प्रकारचा आहे. २००२ च्या पावसाळ्यांत सांगली जिल्ह्यांत उसावर पांढरा लोकरी मावा आला, आणि पानांवर कापूस पिंजून टाकल्यासारखीं शेतें दिसूं लागलीं. पश्चिम महाराष्ट्र ओलांडून तो कर्नाटकांतहि गेला. माणसाहून उंच वाढलेल्या दाट उसांत शिरून फवारणी करणें जवळजवळ अशक्य. तरी घाबरून तीहि झाली. त्याच वेळीं कृषि विद्यापीठाच्या व ऊस संशोधनाच्या मंडळींना माव्यांत एक लहानशी अळी व एक पंखांचा किडा आढळले. अळीचें शास्त्रीय नांव डिफा. शेतकरी तिला जुन्या नांवानें कोनोबाथ्रा म्हणूं लागले. किड्याचें नांव मायक्रोमस. हेक्टरीं १००० कोनोबाथ्राच्या अळ्या किंवा २५०० मायक्रोमस सोडावेत, आणि सोडल्यावर फवारणी बंद ठेवावी, अशी शिफारस झाली. अळ्या असलेलीं पानें कापून एका फडांतून दुसऱ्यांत नेण्यांत येऊं लागलीं. पुढच्या कांहीं वर्षांत हा मावा पूर्वीं जो कर्दनकाळ वाटला होता तो राहिला नाहीं. तो नाहींसा झाला नाहीं. आटोक्यांत आला, आणि एकात्मिक पद्धतीचा दावा तेवढाच असतो.

कापसाची कथा मात्र तितकी सुखाची नाहीं. गुलाबी बोंडअळीचें पहिलें शास्त्रीय वर्णन झालें तें १८४३ सालीं, भडोचच्या कापसावरील नमुन्यांवरून. तीच अळी पुढें जगभर गेली व १९१७ मध्यें टेक्सासांत पोंचली. अंड्यांतून निघाल्यावर ती लवकरच बोंडांत शिरते, मग वरून काय वाटेल तें फवारा, तिला स्पर्श होत नाहीं. टेक्सासमधील विद्यापीठाचे पेरी अ‍ॅडकिसन यांनीं असें दाखविलें कीं, दिवस लहान होऊं लागले म्हणजे ही अळी सुप्त अवस्थेंत जाते आणि उरलेल्या बोंडांत व सरकींत हंगाम काढते. मग तिचें घरच मोडावयाचें: लवकर येणारा वाण लावावयाचा, वेंचणी लवकर उरकावयाची, आणि पऱ्हाट्या ठराविक तारखेपूर्वीं कापून गाडावयाच्या. अ‍ॅडकिसन व रे स्मिथ यांना १९९७ सालीं जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तो अशाच कामाबद्दल.

पुढें बी. टी. कापूस आला. या वाणांच्या पेशींतच अळीस मारणारें द्रव्य तयार होतें. भारतांत त्यास २००२ मध्यें परवानगी मिळाली आणि पहिलीं कांहीं वर्षें फवारण्या खरोखरच कमी झाल्या. पण विष फवाऱ्यांत असो वा पानांत, मेलँडरचा प्रश्न टळत नाहीं. म्हणून बी. टी. च्या कडेनें साधा कापूस लावावा, तेथें साध्या अळ्या वाढूं द्याव्यात, म्हणजे चिवट पतंगांचा संकर त्यांच्याशीं होऊन चिवटपणा दबून राहील, असा नियम होता. बियाण्याच्या पाकिटाबरोबर साध्या सरकीची वेगळी पुडी येत असे. बहुतेक शेतांत ती पेरलीच गेली नाहीं. ज्याच्याजवळ पांच एकर आहेत त्यानें त्यांतला तुकडा अळीस वाढून ठेवावा, ही अपेक्षा कागदावर सोपी होती. शिवाय उशिरापर्यंत उभे राहणारे संकरित वाण आणि त्यावर फरदड. अळीला वर्षभर अन्न मिळालें. २०१७ च्या हंगामांत विदर्भांतील बोंडें आंतून किडलेलीं निघालीं. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत डोक्याहून उंच पऱ्हाटींत, उन्हांत, तोंडास फडकें बांधून किंवा तेंहि न बांधतां, दोन-दोन विषें एकत्र करून फवारणी करणारे विसाच्या आसपास शेतकरी व मजूर विषबाधेनें मेले. शेंकडोंना दवाखान्यांत न्यावें लागलें.

त्याच्या पुढच्याच वर्षीं, २०१८ मध्यें, अमेरिकेनें आपल्या कापसाच्या मुलखांतून गुलाबी बोंडअळी निर्मूल झाल्याचें जाहीर केलें. कीड तीच, बी. टी. चें तत्त्वहि तेंच. पण अ‍ॅरिझोनांत साध्या कापसाचे पट्टे वर्षानुवर्षें राखले गेले. नंतर वांझ केलेले अब्जावधि पतंग विमानांतून सोडण्यांत आले. गंधाचे फांस लावून नर-मादीची गांठ चुकविली. पऱ्हाट्या मुदतींत गाडल्या. आणि विद्यापीठाचे लोक दर हंगामीं अळ्या गोळा करून त्यांचा चिवटपणा तपाशीत राहिले. तेथें शेतें मोठीं, शेतकरी थोडे, आणि खर्चास शेतकऱ्यांच्या वर्गणीची व सरकारची जोड होती. विदर्भांत लक्षावधि लहान शेतकऱ्यांनीं एकाच आठवड्यांत एकच गोष्ट करणें ही बाब वेगळी आहे, आणि तीस केवळ शेतकऱ्याची हयगय म्हणणें न्यायाचें होणार नाहीं.

कापसासाठीं आज दिली जाणारी शिफारस दोन रेषांच्या त्याच विचारावर उभी आहे. शेतांत कामगंध सापळे लावावे व रोज सकाळीं अडकलेले पतंग मोजावे. सलग तीन रात्रीं दर सापळ्यास आठ पतंग आले, किंवा शंभरांत दहा फुलें वा बोंडें किडकीं निघालीं, तरच औषधाचा विचार करावा. पाकळ्या न उमलतां गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिलेल्या डोमकळ्या दिसल्या कीं तोडून नष्ट कराव्या, कारण त्यांत अळी असते. जिनिंगच्या आवारांतहि सापळे असावे, कारण सुप्त अळी सरकीबरोबर तेथें येते. डिसेंबर संपतां संपतां कापूस उपटावा आणि फरदड घेऊं नये.

यांतील शेवटची सूचना सर्वांत कठीण आहे. पहिल्या वेंचणीला भाव पडलेला असतो, खत-बियाण्याची उधारी फिटलेली नसते, विहिरीला थोडें पाणी असतें. एक-दोन पाणी दिलें तर फरदडींतून आणखी चारदोन क्विंटल कापूस निघतो. तो घरांत आला कीं अळीहि शेतांत राहते, आणि जूनमध्यें ती केवळ त्याच्याच नव्हे, शेजाऱ्याच्याहि कपाशीवर जाते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे व कृषि विद्यापीठांचे लोक म्हणूनच आतां एकेका शेतकऱ्याऐवजीं सबंध गांवाला धरून बोलतात, आणि लवकर मोकळें होणारे वाण पुढें आणण्याच्या खटपटींत आहेत.